ग्रुपवरून काढलेला ग्राफ ग्रुपबद्दल किती सांगतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी 'ग्रुप आणि सेमीग्रुपवरून तयार होणारे ग्राफ' हा विषय सुचवला गेला आहे. शोधायला गेल्यावर पॉवर ग्राफ, कम्यूटिंग ग्राफ, झिरो-डिव्हायझर ग्राफ, केली ग्राफ अशी डझनभर नावं समोर आली. यात खरं गणित आहे की नुसत्या व्याख्याच आहेत? आणि सुरुवात कुठून करायची?

दोन्ही आहे. खरं गणित आहे आणि व्याख्यांचा ढीगही आहे. ढिगातून गणित वेगळं काढता येणं हीच या विषयातली पहिली परीक्षा, म्हणून उत्तर जरा लांबेल.

आधी शब्दांबद्दल. परिभाषा कोशात 'गट' आणि 'आलेख' आहेत, पण आलेख म्हटलं की बहुतेकांना शाळेतला चौकटीचा कागद आणि त्यावरची वक्ररेषा आठवते. वर्गात आपण ग्रुप, सेमीग्रुप, ग्राफ असंच बोलतो, इथेही तेच ठेवतो. ग्राफ म्हणजे काही बिंदू आणि त्यांतल्या काही जोड्यांना जोडणाऱ्या कडा, एवढंच. ग्रुप म्हणजे सहयोगी क्रिया, अविकारक घटक आणि प्रत्येकाचा व्यस्त घटक असलेला संच; सेमीग्रुपात नुसती सहयोगी क्रिया पुरते.

केली ग्राफ सुरुवातीलाच बाजूला काढतो. तो सगळ्यांत जुना: आर्थर केलीने १८७८ मध्ये मांडला. पण त्याचा स्वभाव बाकीच्यांपेक्षा वेगळा आहे. ग्रुप दिला की केली ग्राफ आपोआप मिळत नाही. कोणते घटक 'पायऱ्या' म्हणून वापरायचे ते तुम्हाला निवडावं लागतं. ६ ने भागल्यावर उरणाऱ्या बाक्यांचा बेरजेचा ग्रुप घ्या. पायऱ्या १ आणि ५ घेतल्या तर षटकोन मिळतो. २, ३, ४ घेतल्या तर त्रिकोणी प्रिझम मिळतो. १, ३, ५ घेतल्या तर तीन-तीन बिंदूंचा पूर्ण द्विभागी ग्राफ मिळतो. एकाच ग्रुपची तीन रूपं. नेटवर्कची रचना, एक्स्पांडर ग्राफ, अनंत ग्रुपांची भूमिती या साऱ्यात केली ग्राफ लागतो, आणि तो स्वतंत्र प्रकल्पाचा विषय आहे. तुमच्या यादीतले बाकीचे ग्राफ निवड मागत नाहीत. ग्रुप दिला की ग्राफ ठरला. म्हणूनच त्यांना एक प्रश्न विचारता येतो: हा ग्राफ ग्रुपबद्दल काय लक्षात ठेवतो आणि काय विसरतो? माझ्या मते हा विषय याच एका प्रश्नावर उभा आहे.

वही काढा आणि तोच सहाचा ग्रुप पुन्हा घ्या. पॉवर ग्राफमध्ये दोन घटक तेव्हा जोडायचे, जेव्हा त्यांतला एक दुसऱ्याचा घात असतो (इथे बेरीज असल्यामुळे पट). १ आणि ५ यांच्यापासून सगळा ग्रुप तयार होतो, म्हणून ते सर्वांना जोडलेले. ० हा सर्वांचा पट, तोही सर्वांना जोडलेला. २ आणि ४ एकमेकांचे पट. ३ मात्र २ चा पट नाही, ४ चाही नाही, आणि उलटही नाही. म्हणजे १५ शक्य कडांपैकी फक्त दोन गळतात, १३ उरतात. कम्यूटिंग ग्राफमध्ये ज्यांचा गुणाकार कोणत्याही क्रमाने सारखाच येतो ते घटक जोडायचे. हा ग्रुप आबेली, म्हणजे सगळेच घटक परस्परांशी असे कम्यूट करतात, तेव्हा १५ च्या १५ कडा. या दोघांच्या मधला एक एन्हान्स्ड पॉवर ग्राफ आहे: दोन घटक एखाद्या तिसऱ्या घटकाचे घात असले, म्हणजे एकाच चक्रीय सबग्रुपमध्ये बसत असले, की जोडायचे. इथे सगळा ग्रुपच चक्रीय, म्हणून पुन्हा १५.

आता तीन वस्तूंच्या क्रमपरिवर्तनांचा ग्रुप. सहाच घटक, पण आबेली नाही. अविकारक घटक, तीन अदलाबदली, दोन त्रिचक्रं. पॉवर ग्राफमध्ये अविकारक घटकाच्या पाच कडा आणि दोन त्रिचक्रांमधली एक, एकूण ६. कम्यूटिंग ग्राफ काढून बघा: त्याच ६. उरलेल्या ९ जोड्यांपैकी कोणतीही घेतली तरी तिच्यातून अख्खा ग्रुप तयार होतो. म्हणजे जनरेटिंग ग्राफच्या (जिथे अख्खा ग्रुप तयार करणाऱ्या जोड्याच जोडायच्या) ९ कडा. या ग्रुपात दोन घटक एकतर कम्यूट करतात नाहीतर सगळा ग्रुप उभा करतात. मधलं काहीच नाही.

एवढ्यावरून एक उतरंड दिसायला लागली असेल. पॉवर ग्राफच्या कडा एन्हान्स्ड पॉवर ग्राफमध्ये असतातच, त्याच्या कडा कम्यूटिंग ग्राफमध्ये असतातच, आणि ग्रुप आबेली नसेल तर कम्यूट करणारी कुठलीही जोडी अख्खा ग्रुप निर्माण करू शकत नाही. मग साहजिक प्रश्न: या पायऱ्यांपैकी दोन कधी एकच होतात? सांत ग्रुपांसाठी उत्तर फार देखणं आहे. पॉवर आणि एन्हान्स्ड पॉवर ग्राफ एकच असतात, जेव्हा प्रत्येक घटकाची ऑर्डर, म्हणजे कितव्या घाताला पहिल्यांदा अविकारक घटक येतो तो आकडा, कुठल्यातरी मूळ संख्येचा घात असते (१ धरून). एन्हान्स्ड पॉवर आणि कम्यूटिंग ग्राफ एकच असतात, जेव्हा ग्रुपात एकाच मूळ संख्येएवढ्या ऑर्डरच्या दोन चक्रीय ग्रुपांचा गुणाकार सबग्रुप म्हणून सापडत नाही. ग्राफबद्दल विचारलं आणि उत्तर शुद्ध ग्रुप सिद्धांतात आलं. असा प्रश्न सापडला की समजावं, पाणी खोल आहे.

मोजणीची दोन सूत्रं हाताशी ठेवा, चुका लगेच पकडता येतात. कम्यूटिंग ग्राफच्या कडा मोजायच्या तर कॉन्जुगसी क्लासांच्या (अ आणि ग·अ·ग⁻¹ असे घटक एकत्र ठेवून होणाऱ्या वर्गांच्या) संख्येतून १ वजा करा, ग्रुपाच्या आकाराने गुणा आणि निम्मं करा. वरच्या सहाच्या ग्रुपात क्लास तीन: दोन गुणिले सहा, निम्मे सहा. जमलं. पॉवर ग्राफसाठी प्रत्येक घटकाच्या ऑर्डरच्या दुपटीतून त्या ऑर्डरचं ऑयलर फाय (तिच्याहून मोठ्या नसलेल्या आणि तिच्याशी १ सोडून सामाईक विभाजक नसलेल्या संख्या किती, तो आकडा) आणि १ वजा करा, सगळ्यांची बेरीज करून निम्मं करा. सहाच्या चक्रीय ग्रुपात ०, २, ३, ३, ९, ९ यांची बेरीज २६, निम्मे १३. हेही जमलं. हे दुसरं सूत्र कोलकात्याच्या आयव्ही चक्रवर्ती, शमिक घोष आणि एम. के. सेन यांच्या २००९ च्या लेखातलं आहे. दिशा असलेला पॉवर ग्राफ सेमीग्रुपांसाठी केलारेव्ह आणि क्विन यांनी त्याआधीच मांडला होता. दिशा काढून टाकून साधा ग्राफ अभ्यासायला घेतला तो या तिघांनी. पॉवर ग्राफ पूर्ण (सगळ्या शक्य कडा असलेला) असतो तो फक्त मूळ संख्येच्या घाताएवढ्या आकाराच्या चक्रीय ग्रुपाचा (आणि एका घटकाच्या क्षुल्लक ग्रुपाचा), हेही त्यातलंच.

आता स्मरण आणि विस्मरण. आठ घटकांचे दोन ग्रुप समोर ठेवा: चौरसाच्या सममितींचा आणि क्वाटर्नियनचा. दोघांतही पाच क्लास, म्हणून कम्यूटिंग ग्राफच्या कडा दोन्हीकडे १६. नुसती संख्याच नव्हे, ग्राफच हुबेहूब सारखे: मध्ये सेंटरचे, म्हणजे सगळ्यांशी कम्यूट करणाऱ्या घटकांचे, दोन बिंदू, आणि ते धरून चार-चार बिंदूंच्या तीन पूर्ण पाकळ्या. म्हणजे कम्यूटिंग ग्राफला हे दोन ग्रुप वेगळे ओळखता येत नाहीत. पॉवर ग्राफला येतात. क्वाटर्नियनच्या तिन्ही पाकळ्या चक्रीय, म्हणून तिथे पॉवर ग्राफच्याही १६ कडा. चौरसाच्या ग्रुपात फिरवण्यांची एकच पाकळी चक्रीय. परावर्तनं बिचारी नुसत्या अविकारक घटकाला लटकलेली. एकूण १०.

पण पॉवर ग्राफ हुशार आणि कम्यूटिंग ग्राफ मंद असा समज करून घेऊ नका. २७ घटकांचे असे दोन ग्रुप आहेत, ज्यांत अविकारक सोडून प्रत्येकाची ऑर्डर ३ आहे: एक आबेली, दुसरा ३ च्या मोड्युलोवरच्या वरच्या त्रिकोणी मॅट्रिक्सांचा, कर्णावर सगळे १. दोघांचाही पॉवर ग्राफ म्हणजे एका बिंदूवर अडकवलेले १३ त्रिकोण, ३९ कडा. फरक शून्य. कम्यूटिंग ग्राफमध्ये मात्र पहिल्याच्या ३५१ कडा आणि दुसऱ्याच्या १३५. जे एकाला दिसत नाही ते दुसऱ्याला दिसतं.

यावर २०१० च्या आसपास पीटर कॅमरन आणि घोष यांनी जे दाखवलं ते मुळातून वाचण्यासारखं आहे. सांत आबेली ग्रुपांपुरतं बोलायचं तर पॉवर ग्राफ सारखे असतील तर ग्रुपही सारखेच. सर्वसाधारण सांत ग्रुपांत तसं होत नाही, हे वर पाहिलंच. पण कॅमरनने सिद्ध केलं की साध्या पॉवर ग्राफवरून दिशा असलेला पॉवर ग्राफ परत उभा करता येतो. म्हणून कोणत्या ऑर्डरचे किती घटक आहेत हे ग्राफ सांगतोच. कोण कोणाचा घात, ही माहिती आपण पुसून टाकली होती आणि ती पुसली गेलीच नव्हती! या विषयातलं माझं सगळ्यांत आवडतं प्रमेय हेच. अजून एक गंमत: ग्रुपाच्या स्वतःच्या सममिती आणि त्याच्या पॉवर ग्राफच्या सममिती तंतोतंत एकच असाव्यात असा सांत ग्रुप, क्षुल्लक सोडला, तर एकच आहे, क्लाइनचा चार घटकांचा.

पॉवर ग्राफच्या आकारावरही बंधन आहे. कर्ण नसलेला पंचकोन त्यात कधी सापडत नाही. कारण सोपं आहे. प्रत्येक कडेला 'घात' या बाजूने बाण द्या. पाच ही विषम संख्या, तेव्हा फेरी मारताना कुठेतरी लागोपाठ दोन बाण एकाच दिशेने येणारच. घाताचा घात हा घातच, म्हणून मधला बिंदू ओलांडून कर्ण पडतो. हाच युक्तिवाद थोडा ताणला की ग्राफ 'परफेक्ट' निघतो, म्हणजे जोडलेल्या बिंदूंना वेगळे रंग देताना लागणारे रंग आणि सर्वांत मोठ्या पूर्ण गटाचा (ज्यातले सगळे बिंदू परस्परांना जोडलेले अशा समूहाचा) आकार सारखेच, सबग्राफांतही. कम्यूटिंग ग्राफला असली शिस्त नाही. तुम्ही कुठलाही सांत ग्राफ काढा, तो कुठल्यातरी सांत ग्रुपाच्या कम्यूटिंग ग्राफमध्ये जसाच्या तसा सापडतो.

'ग्राफ काढून ग्रुपवाल्यांना काय मिळालं?' असं तोंडी परीक्षेत कोणीतरी विचारणारच. दोन उत्तरं तयार ठेवा. पहिलं, १९५५ चं ब्राउअर आणि फाउलर यांचं काम. ऑर्डर २ चे दोन घटक घ्या. त्यांच्या गुणाकाराची ऑर्डर सम असेल तर त्या गुणाकाराचा एक घात असा मिळतो की त्याची ऑर्डर २ असते आणि तो दोघांशीही कम्यूट करतो. म्हणजे कम्यूटिंग ग्राफमध्ये दोघांतलं अंतर फार तर २. असल्या अंतरांच्या हिशोबातून त्यांनी दाखवलं की ऑर्डर २ च्या घटकाचा सेंट्रलायझर (त्याच्याशी कम्यूट करणाऱ्या घटकांचा सबग्रुप) ठरवून दिला तर तसे सांत सिंपल ग्रुप (ज्यांचे आणखी तुकडे पाडता येत नाहीत असे मूलभूत ग्रुप) मोजकेच असू शकतात. सिंपल ग्रुपांच्या वर्गीकरणाचा मोठा रस्ता इथून सुटला. दुसरं, पॉल एर्डशचा प्रश्न: ज्या ग्रुपात परस्परांशी अजिबात कम्यूट न करणाऱ्या घटकांचा अनंत संच नाही, तिथे अशा सांत संचांच्या आकारालाही मर्यादा असते का? बी. एच. नॉयमान यांनी १९७६ मध्ये 'हो' म्हटलं, आणि असे ग्रुप म्हणजे ज्यांच्या सेंटरचा इंडेक्स (सेंटरच्या कोसेटांची, म्हणजे सरकवलेल्या प्रतींची, संख्या) सांत आहे तेच, हेही दाखवलं. सोपी बाजू तुम्हीच करून बघा: सेंटरच्या एकाच कोसेटमधले कोणतेही दोन घटक कम्यूट करतात, म्हणून असा संच कोसेटांच्या संख्येपेक्षा मोठा होऊच शकत नाही. प्रश्न ग्राफच्या भाषेतला, उत्तर ग्रुपाच्या.

इथे माझ्या फजितीची गोष्ट सांगतो. पीएचडीच्या पहिल्या वर्षी एका ग्रुप-कुटुंबाचा कम्यूटिंग ग्राफ जोडलेला आहे आणि त्याचा व्यास (दोन बिंदूंमधलं सर्वांत मोठं अंतर) २ च्या वर जात नाही, हे मी तीन आठवडे घासून सिद्ध केलं आणि सेमिनारला उभा राहिलो. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, 'अविकारक घटक बिंदूंमध्ये आहे का?' होता. तो सगळ्यांनाच जोडलेला असतो, तेव्हा व्यास २ आयताच मिळतो. तीन आठवड्यांचं काम एका वाक्यात उडालं. तेव्हापासून कुठलाही लेख हातात घेतला की मी आधी बिंदू कोणते ते बघतो. व्यास, जोडणी असले प्रश्न विचारायचे असतील तर सेंटर बाहेर काढूनच विचारायचे.

आणि बाहेर काढल्यावर प्रश्न खरोखर अवघड होतो. सांत ग्रुपांच्या कम्यूटिंग ग्राफचा व्यास, जिथे ग्राफ जोडलेला आहे तिथे, एका ठराविक आकड्याच्या आत राहतो अशी अटकळ इराणमान्श आणि जाफरजादे यांनी केली होती. जुदिची आणि पार्कर यांनी २०१३ मध्ये हवा तेवढा मोठा व्यास असणारे ग्रुप बांधून ती खोटी ठरवली. पण मॉर्गन आणि पार्कर यांनी त्याच सुमारास दाखवलं की सेंटर क्षुल्लक असेल तर प्रत्येक जोडलेल्या तुकड्याचा व्यास १० च्या आतच. अटकळ पडली, पण पडताना बरंच काही देऊन गेली.

सेमीग्रुपकडे वळलं की व्यस्त घटक जातात आणि वेगळीच मजा सुरू होते. पुन्हा ६ चा मोड्युलो, पण या वेळी गुणाकार. २ चे घात २, ४, २, ४. ४ चा वर्ग ४. ३ चा वर्ग ३. ५ चा वर्ग १. पॉवर ग्राफ चार तुकड्यांत फुटतो: ० एकटा, १ आणि ५, २ आणि ४, ३ एकटा. प्रत्येक तुकड्यात नेमका एक आयडेम्पोटंट, म्हणजे स्वतःचाच वर्ग असलेला घटक: ०, १, ४, ३. हा योगायोग नाही, सांत सेमीग्रुपात असंच होतं. सांत ग्रुपात आयडेम्पोटंट एकच, म्हणून तिथे पॉवर ग्राफ नेहमी जोडलेला.

झिरो-डिव्हायझर ग्राफ हा मुळात रिंगवाल्यांचा (रिंग म्हणजे बेरीज आणि गुणाकार दोन्ही असलेली रचना). इस्तवान बेक यांनी १९८८ मध्ये कम्यूटेटिव्ह रिंगच्या घटकांना रंग देण्याचा प्रश्न मांडला: गुणाकार शून्य येत असेल तर रंग वेगळे. त्यांना वाटलं होतं की रंगसंख्या आणि सर्वांत मोठ्या पूर्ण गटाचा आकार सारखेच निघतील. १९९३ मध्ये अँडरसन आणि नसीर यांनी ३२ घटकांची एक रिंग पुढे केली, तिथे पूर्ण गट ५ चा आणि रंग ६ लागतात. आज बहुतेक लेखांत जो ग्राफ दिसतो तो अँडरसन आणि लिव्हिंग्स्टन यांचा, १९९९ चा: बिंदू फक्त शून्येतर शून्यभाजक, म्हणजे एखाद्या शून्येतर घटकाशी गुणल्यावर शून्य देणारे, आणि गुणाकार शून्य आला की जोडायचे. तो नेहमी जोडलेला असतो आणि व्यास ३ च्या आत. १२ च्या मोड्युलोवर २ पासून ३ पर्यंत जाऊन बघा. २ ला शेजारी ६ एकटाच, ३ ला ४ आणि ८. रस्ता २, ६, ४, ३ असा, लांबी बरोबर ३.

या प्रमेयाची सिद्धता नीट वाचा. अ चा क्ष शी गुणाकार शून्य, ब चा य शी गुणाकार शून्य, यातले कोणीच शून्य नाही. क्ष आणि य यांचा गुणाकार शून्य नसेल तर तो गुणाकारच अ आणि ब यांच्या मध्ये येऊन बसतो. शून्य असेल तर अ, क्ष, य, ब हा रस्ता. झालं. बेरीज कुठे वापरली? कुठेच नाही. म्हणजे प्रमेय रिंगचं नव्हतंच, शून्य असलेल्या कम्यूटेटिव्ह सेमीग्रुपचं होतं, आणि डीमेयर, मॅकेन्झी, श्नायडर यांनी २००२ मध्ये ते तिथे नेऊन ठेवलं. पुढे मीट-सेमीलॅटिस, म्हणजे ज्यात प्रत्येक घटक आयडेम्पोटंट असतो अशा कम्यूटेटिव्ह सेमीग्रुपांवर बेकच्या धर्तीचा रंगकामाचा प्रश्न घेतला गेला. २००७ च्या त्या लेखात लिसा डीमेयर यांच्यासोबत छत्रपती संभाजीनगरच्या (तेव्हाचं औरंगाबाद) मराठवाडा विद्यापीठातले गणितज्ञ होते. पुण्यातही पोसेट आणि लॅटिसवरच्या अशा ग्राफांवर बरंच काम झालं आहे. महाराष्ट्रात प्रकल्प करत असाल तर या विषयातलं माणूस एसटीच्या अंतरावर आहे, विचारायला लाजू नका.

आता ढिगाबद्दल. दर काही महिन्यांनी एक नवा ग्राफ येतो: जुन्या व्याख्येत 'ऑर्डर' च्या जागी आणखी काही घातलेलं असतं, मग डायहेड्रल ग्रुपावर त्याची ऊर्जा, वीनर इंडेक्स, स्पेक्ट्रम. गणित चुकलेलं नसतं, पण ते वाचून ग्रुपबद्दल नवीन काहीच कळत नाही. असे लेख वाचा, उदाहरणं उचला, पण तसलाच लेख लिहिण्यात वर्ष घालवू नका. माझी चाचणी साधी आहे: ग्राफचं नाव पुसून टाकलं तर उरलेलं विधान ग्रुपवाल्याला वाचावंसं वाटेल का? वर सांगितलेली उतरंडीची प्रमेयं या चाचणीत उतरतात.

सुरुवात १६ घटकांच्या ग्रुपांपासून करा. ते १४ आहेत. गॅप हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, त्यात छोट्या ग्रुपांचा आयता संग्रह आहे; पण पहिले तीन हातानेच: चार-चारच्या दोन चक्रीय ग्रुपांचा साधा गुणाकार, त्यांचाच आबेली नसलेला सेमीडायरेक्ट गुणाकार, आणि क्वाटर्नियन गुणिले दोनचा चक्रीय. तिघांतही ऑर्डर २ चे घटक ३ आणि ऑर्डर ४ चे १२. पॉवर ग्राफच्या कडाही तिघांत ३३. तरी ग्राफ वेगळे आहेत. ऑर्डर २ च्या तीन बिंदूंना प्रत्येकी किती कडा लागतात ते मोजा: पहिल्यात ५, ५, ५, दुसऱ्यात ९, ५, १, तिसऱ्यात १३, १, १. ते झालं की आठचा चक्रीय गुणिले दोनचा चक्रीय घ्या आणि त्याच्याशेजारी १६ चा 'मॉड्युलर' ग्रुप ठेवा. एक आबेली, दुसरा नाही, आणि पॉवर ग्राफ अगदी एकसारखे. ते का, हे गॅप बंद करून कागदावर लिहून काढलंत तर प्रकल्पाचं पहिलं प्रकरण तिथेच तयार होईल.